पट्ट्यावरून बीड ते पाटोदा

आप्पांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पहिल्या पुण्यस्मरणाला त्यांच्या मुलानं चार ओळी मागितल्या, तेव्हा हात थरथरतो म्हणालो. वाचनालयाच्या अंकासाठी लेख मागायला आले, त्यांना डोळ्यांचं कारण सांगितलं. हात चांगला आहे, डोळेही चांगले आहेत. आप्पांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती माझ्याबद्दल आहे. आता टाळत बसण्याइतकं वय हाताशी उरलेलं नाही.

पण सुरुवात त्या गोष्टीनं करणार नाही. आधी आप्पा नीट दिसले पाहिजेत.

पाटोद्याच्या पेठेत आप्पांचं कापडाचं दुकान. माझं घर बरोबर समोर. मी हायस्कुलातून शिक्षक म्हणून निवृत्त झालेला, त्यामुळे ते मला गुरुजी म्हणत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात लोखंडी मीटर. कापड मोजून झालं की कात्री लावण्याआधी त्यांचं बोट आणखी चार बोटं पुढं सरकायचं. गिऱ्हाइकानं मागितलेलं नसायचं, तरी सरकायचं. आमच्या पेठेत कुणी मोजण्यात सरळ वागलं की लोक म्हणायचे, हे आप्पाचं माप हाय. जिवंतपणी एखाद्याचं नाव असं बोलण्यात रुळलेलं मी दुसरं पाहिलं नाही. असा माणूस माझ्या दारासमोर राहत होता, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

देताना चार बोटं जास्त देणारा हा माणूस घेताना मात्र दोरा सोडत नसे. पत्रिकेवर सहकुटुंब लिहिलं असेल तर सहकुटुंब जायचे, आणि नुसतं त्यांचं नाव असेल तर वहिनींना घरी ठेवून एकटेच. "हक्काचं सोडायचं न्हाई, बिनहक्काला शिवायचं न्हाई," एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

हे शास्त्र पूर्ण फुलाला आलं ते आरोग्य विम्यात. माझ्या पुण्याच्या मुलानं माझा विमा उतरवला. ते बघून आप्पांनी तसाच स्वतःचा आणि वहिनींचा उतरवून घेतला. माझे कागद कपाटात गेले. आप्पांनी त्यांचे कागद दुकानाच्या गादीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचले. इंग्रजी अडलं की रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचे. वर्षातून एकदा फुकट तपासणी, आहारतज्ज्ञाचा फोनवर सल्ला, कंपनीनं नेमलेल्या जिममध्ये मोफत प्रवेश, आणि चालण्याबद्दल पॉइंट. फोन अंगावर ठेवून चालायचं, फोन पावलं मोजतो, पॉइंट साठतात. त्यातून बूट घ्या, औषधं घ्या, नाहीतर पुढच्या हप्त्यात सूट घ्या.

मी म्हणालो, एवढं कोण बघतं आप्पा, आजारी पडल्यावर उपयोगी पडलं म्हणजे झालं. त्यांनी माझ्याकडं गिऱ्हाईक बघावं तसं बघितलं. "गुरुजी, कंपनीनं आख्खा तागा समोर टाकला अन् तुमी रुमालाएवढं फाडून घरी आले."

पुढच्याच आठवड्यात ते मला ओढत बीडला तपासणीला घेऊन गेले. माझी साखर वाढलेली निघाली. त्यांची काही निघाली नाही. परतताना बसस्टँडसमोर त्यांनी जिलेबी घेतली आणि माझ्या वाट्याचीही माझ्यादेखत खाल्ली. म्हणाले, तुमच्या तब्येतीसाठी खातोय.

आहारतज्ज्ञ म्हणजे कुठल्याशा लांबच्या शहरातली एक मुलगी होती. आठवड्यातून एक फोन हा आपला हक्क असल्यामुळे आप्पा एकही आठवडा चुकवत नसत. ती ओट्स खायला सांगायची. आप्पा आमच्या पेठेतल्या हिंदीत तिला समजावायचे, "बेटी, वो हमारे इधर घोडे को बी नै डालते. तुम जवारी खाके देखो." दोन-तीन महिन्यांनी ती मुलगीच भाकरी थापायला शिकत होती. आप्पा फोन चुलीजवळ धरायचे आणि वहिनी तिला पिठात पाणी किती ते सांगायच्या. जेवणाचा फोटो पाठवला की त्याचेही पॉइंट मिळत. त्यामुळे ताट वाढलं तरी कुणी हात लावायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "आमच्यात आधी देवाला निवद, मग फोनला निवद, मग माणसाला."

जिम मात्र पाटोद्यात नव्हतं. कंपनीच्या यादीतलं सगळ्यात जवळचं जिम बीडला. दुसऱ्या कुणीही नाद सोडला असता. आप्पा सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या एसटीनं अर्ध्या तिकिटात बीडला जाऊ लागले. दुकान तेवढा वेळ मुलगा बघायचा. फुकटच्या जिमला तिकीट काढून जाणारा माणूस मी जन्मात पहिला बघितला, असं वहिनी साऱ्या गल्लीला सांगायच्या.

तिथल्या हकिगती ते परत आल्यावर माझ्या ओट्यावर बसून सांगत. ट्रेडमिलला ते पट्टा म्हणत. धोतर पट्ट्यात अडकेल म्हणून तिथल्या ट्रेनरनं हरकत घेतली, तेव्हा त्यांनी दुकानातलंच कापड शिंप्याकडून शिवून घेऊन पायजमा केला. वर बंडी आणि टोपी तीच. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी ट्रेनरला विचारलं, हा रस्ता जातो कुठं? ट्रेनर म्हणाला, कुठंच जात नाही. आप्पांना ते पटलं नाही. चाललो म्हणजे कुठंतरी पोचलं पाहिजे. मग त्यांनी ठरवलं, पट्टा बीडहून पाटोद्याला निघाला आहे.

तेव्हापासून मशीनवर जेवढे किलोमीटर होतील तेवढे ते घराच्या दिशेनं सरकू लागले. जिथं आज थांबले तिथून परवा पुढं. शेजारच्या पट्ट्यांवरची पिळदार पोरं विचारायची, आप्पा, कुठवर आले? ते गंभीरपणे सांगायचे, पाली मागं पडली, आता घाट. घाट आला की ते खरोखर मशीनचा चढ वाढवायचे. आणि मांजरसुंबा आलं की पट्टा बंद करून खाली उतरायचे, पिशवीतला थर्मास काढायचे आणि चहा प्यायचे, कारण मांजरसुंब्याला एसटी थांबते आणि माणसं चहा पितात. पोरं आधी हसली. मग तीही त्या चहाला थांबू लागली. लिंबागणेश ओलांडून आप्पा पट्ट्यावरून एकदाचे पाटोद्याला पोचले, त्या दिवशी त्यांनी साऱ्या जिमला पेढे वाटले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बीडहून निघाले.

आता माझी गोष्ट.

बायको गेल्यानंतर मी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. खुर्ची, खिडकी आणि समोर आप्पांचं दुकान, एवढंच जग. माझ्या विम्याचे पॉइंट पुण्यात मुलाच्या फोनवर दिसत. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, बाबा, आज पण शून्य? आवाज आधी काळजीचा होता, मग ठाम झाला. तुम्ही तिथं एकटे असे बसून राहणार असाल तर मी येऊन तुम्हाला घेऊन जातो, म्हणाला. त्याचं घर दहाव्या मजल्यावर. मला पाटोदा सोडायचं नव्हतं आणि खुर्चीही सोडायची नव्हती.

एका बुधवारी आप्पा एसटीला निघाले, तेव्हा मी त्यांना हाक मारली. म्हणालो, तुमच्या फोनची बॅटरी टिकत नाही, वाटेत काही झालं तर घरी कसं कळवाल? माझा फोन बरोबर ठेवा.

आप्पा जागीच थांबले. बंडीला आतून दोन खिसे होते. डाव्यात त्यांचा फोन होता, उजव्यात माझा ठेवला. "गुरुजी, सख्खा भाऊ एवढं बघत न्हाई," म्हणाले.

त्या संध्याकाळी मुलगा आनंदानं बोलला. बाबा, शाब्बास. मग दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी मी फोन देऊ लागलो. आप्पा बसमध्ये, जिममध्ये सांगायचे, आमच्या गुरुजींना माझी लई काळजी. वहिनी त्या काळजीबद्दल माझ्याकडं शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. मी ती खायचो.

पट्ट्यावरून पाटोद्याला पोचलेल्या म्हाताऱ्याची हकिगत जिमच्या मालकानं विमा कंपनीला कळवली. कंपनीनं तिथंच ज्येष्ठांचा सत्कार ठेवला. बोलावणं आप्पांना आलं, आणि पॉइंट चांगले असल्यामुळे मलाही आलं. मी जाणार नव्हतो, पण आप्पा ऐकेनात. पेठेतली जीपभर माणसं आमच्याबरोबर बीडला आली. पट्ट्यावरच्या दुसऱ्या खेपेत आप्पांचा मुक्काम त्या आठवड्यात लिंबागणेशला होता.

आमच्या दोघांच्या खांद्यावर शाली पडल्या, हातात नारळ आले. संभाजीनगरहून आलेल्या तरुण अधिकाऱ्यानं माझं नाव पुकारून कौतुक केलं, तेव्हा आप्पा माझ्या कानाशी वाकले. त्यांचा चेहरा खुलला होता. "व्हय वो गुरुजी, चोरून चालत होते व्हय? अन् मला पत्ता न्हाई."

मग अधिकारी मला म्हणाला, सर, तुमची आणि आप्पांची पावलं अगदी जोडीनं पडतात, त्याच दिवशी आणि त्याच वेळेला. तुम्ही इथं कोणतं मशीन वापरता ते सगळ्यांना सांगा. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं माइक माझ्या हातात दिला.

मी ते जिम त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. मी माइक धरून उभा राहिलो. बाजूला उभा असलेला ट्रेनर भाबडेपणानं बोलून गेला, हे सर तर इथं कधी आले नाहीत, आप्पाच दोन फोन घेऊन येतात.

आप्पांचा हात बंडीच्या उजव्या खिशावर गेला. खिसा रिकामा होता, त्या दिवशी फोन माझ्याजवळ होता. तरी ते तो खिसा चाचपत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नारळाकडं बघत होतो.

त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. "गुरुजींचे गुडघे दुखतेत," ते म्हणाले. "त्यांचा फोन मीच मागून घेतला. म्हणलं, दोघांचे पॉइंट होतील. चूक माझी हाय, त्यांची काई न्हाई."

पेठेतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी शाल सावरली.

जीप पुढं निघून गेली. आम्ही दोघं एसटीनं परतलो. मांजरसुंब्याला गाडी थांबली. तिथं उतरून त्यांनी दोन चहा आणले, एक खिडकीतून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गुरुजी, ती शाल काढा आता. गरम व्हायलंय." तेव्हा मला कळलं की बीडपासून मी ती पांघरूनच बसलो होतो.

नियमाप्रमाणे आप्पांचे साठलेले सगळे पॉइंट गेले आणि जिमची सवलत बंद झाली. माझे फक्त त्या काळातले कापले, कारण माझा दोष नव्हता असं त्यांनीच सांगितलं होतं. पण खरं नुकसान पेठेत झालं. आठ-पंधरा दिवसांनी एक गिऱ्हाईक दुकानात हसत हसत म्हणालं, "आप्पा, कापड मीटरनं मोजायचं बरं का, फोनच्या मापानं न्हाई." दुकानातले सगळे हसले. आप्पाही हसले. मी समोर खिडकीत होतो. त्यांनी गादीवरून मीटर उचलला आणि त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला. धरा, म्हणाले, तुमीच मोजा. तेव्हापासून आप्पांनी कापड स्वतः मोजलं नाही. गिऱ्हाईक मोजायचं, आप्पा फक्त चार बोटं पुढं दाखवायचे आणि कात्री लावायचे.

हे मी केलं होतं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. पायात पॉइंटांवर घेतलेले बूट. "का म्हून बसले? उठा. इतके दिवस माझे पाय वापरले, आता स्वतःचे वापरा." त्यांनी हा विषय काढला तो एवढाच. आम्ही मांजरसुंब्याच्या रस्त्यानं निघालो. पहिल्या दिवशी मी पेट्रोल पंपापर्यंत गेलो आणि कठड्यावर बसलो. ते बसले नाहीत, उभे राहून वाट बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पाऊस असो, लग्न असो, सण असो. मला पाटोद्यात राहता आलं, माझी साखर ताब्यात आली, ते त्या हाकेमुळं. फोन माझ्या खिशात आणि पावलं माझी. मुलगा पुण्याहून म्हणायचा, बाबा, आकडा कमी झालाय, पण रोज आहे. मी म्हणायचो, हो, आता हळू चालतो.

चालताना बोलायचं नाही असा आप्पांचा नियम होता. कितीदा तरी मी सुरुवात केली. आप्पा, त्या दिवशी... "गुरुजी, दम लागंल," एवढं म्हणून ते पाऊल वाढवायचे. फक्त एकदा थांबले. मी म्हणालो होतो, मी आज बाजारात चारचौघांत सगळं सांगणार आहे. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, भस्माचे पट्टे पुसट झाले होते.

"न्हाई सांगायचं. कापडाचं काय, ज्याला शंका हाय त्यानं पुन्हा मोजून घ्यावं. पेठेतली निम्मी माणसं तुमच्या हाताखाली शिकलेली हायेत. त्यांनी काय पुन्हा शाळंत जायचं?"

तरीही त्या बाजारच्या दिवशी मी दुकानात गेलो. माणसं बरीच होती. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. गुरुजी, ह्या मावशीचं परकराचं कापड मोजा. मी मोजलं. त्यांनी बघितलं आणि हलकेच म्हणाले, चार बोटं वाढवा. मी वाढवली. मावशी कापड घेऊन गेल्या, पाठोपाठ मीही बाहेर पडलो. लोखंडाचा गारवा मला तळहातात संध्याकाळपर्यंत जाणवत होता.

त्यांची पट्ट्यावरची दुसरी खेप लिंबागणेशला अडकली होती, हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. आमच्या रोजच्या चालण्याचा हिशेब ते मनात तिथून धरत होते. एका सकाळी परतताना माझ्या दाराशी आल्यावर म्हणाले, पोचलो. बंडीच्या उजव्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. त्यात पेढे होते. बीडला साऱ्या जिमला वाटले होते, इथं मी एकटाच होतो. मी पेढा हातात घेऊन उभा राहिलो. "साखरेचं बघू उद्या," ते म्हणाले, "आज खा." तेव्हाही मला बोलता आलं नाही. तोंडात पेढा होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

आप्पा गेले ते दुकानात, गादीवर, दुपारी. फार कुणाला त्रास दिला नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं आणि रस्त्याकडेच्या त्यांच्याच शेतात समाधी दिली. जन्मभर न थकता चाललेला माणूस तिथं मांडी घालून बसला होता. सगळ्यांनी बेलाची पानं वाहिली. बीडहून जिमची पोरं आली होती. टी-शर्टातली ती धिप्पाड पोरं हुंदके देत होती. मला वाटलं, आमच्या गावात दुसऱ्या कुणासाठी अशी माणसं आली नसती.

मग आप्पांचा मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, काका, तुम्ही रोज बरोबर असायचे, दोन शब्द बोला. सारी पेठ समोर उभी होती. मीटरवर हसलेली माणसंही होती. जिममध्ये चुकलेली वेळ पुन्हा माझ्यापुढं आली होती, आणि या वेळी मला अडवायला आप्पा बोलणार नव्हते.

मी बोललो. आप्पा शिस्तीचे होते म्हणालो. नियमित चालायचे म्हणालो. त्यांच्यापासून तरुणांनी शिकावं म्हणालो. बोलून बाजूला झालो आणि लोकांनी माना हलवल्या.

बेलाचं एक पान मात्र माझ्या मुठीत तसंच राहिलं होतं. ते वाहायला मी पुन्हा पुढं गेलो, तेव्हा माती ओढायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी जे बोलायचं होतं ते एवढंसंच होतं, आणि आज पेठेनं वाचावं म्हणून इथं लिहितो. फोन मी दिला होता. आप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांचं माप एकदाही आखूड पडलं नाही, आखूड पडलो तो मी. आप्पा, मला माफ करा.